अ‍ॅपमधले ते सहा दिवस आले कुठून?

हा या आठवड्याच्या भागाचा मजकूर. बोलताना झालेले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ जरा गाळलेत, बाकी जसं बोलले तसंच आहे. विषय गर्भधारणेच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांचा आहे, त्यामुळे ऑफिसच्या बसमध्ये स्पीकरवर ऐकू नका एवढंच सांगते. वाचायला काही हरकत नाही.

पाळीची नोंद ठेवणारं कुठलंही अ‍ॅप उघडा. महिन्याच्या मधोमध पाच-सहा दिवसांना वेगळा रंग दिलेला असतो. कुठे हिरवा, कुठे निळा. मूल हवं असेल तर हे दिवस चुकवू नका, नको असेल तर याच दिवसांत सांभाळा, असा त्याचा अर्थ. माझं रोजचं काम कोड लिहिण्याचं. दुसऱ्याच्या कोडमध्ये कुठे नुसताच एक आकडा ठोकून ठेवलेला दिसला की मला स्वस्थ बसवत नाही. हा सहा आला कुठून? कुणी मोजला, कशावर मोजला, आणि किती जणींवर?

उत्तर शोधायला गेले आणि पोचले अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, १९८२ साली, काही बायकांच्या घरच्या फ्रीजरपाशी. त्या फ्रीजरमध्ये आईस्क्रीमच्या शेजारी लघवीच्या बाटल्या होत्या. तिथपर्यंत जायच्या आधी थोडं मागचं सांगते.

ओव्ह्युलेशन, म्हणजे अंडाशयातून बीजांड बाहेर पडणं, नेमकं कधी होतं याचा बऱ्यापैकी बरोबर अंदाज पहिल्यांदा दोन डॉक्टरांनी एकमेकांपासून हजारो मैलांवर बसून बांधला. १९२४ साली जपानमध्ये ओगिनो यांनी, आणि त्याच दशकाच्या शेवटी ऑस्ट्रियात क्नाउस यांनी. दोघांचं म्हणणं असं, की बीजांड पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी बाहेर पडतं. ‘पुढची’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. लोकांनी तो सोयीस्कररीत्या विसरून ‘पाळीपासून चौदावा दिवस’ असं पाठ करून टाकलं, आणि ती गफलत अजून चालू आहे. तिच्याकडे नंतर येते.

मग बॉस्टन. १९३८पासून पुढची पंधराएक वर्षं जॉन रॉक आणि आर्थर हर्टिग या दोन डॉक्टरांनी एक विलक्षण, आणि आज ऐकताना अंगावर काटा येईल असा, शोध चालवला होता. ज्या बायकांचं गर्भाशय वैद्यकीय कारणानं काढायचंच होतं, त्यांना शस्त्रक्रियेआधी पाळीच्या आणि नवऱ्याशी आलेल्या संबंधांच्या तारखा लिहून ठेवायला सांगायचं, आणि काढलेल्या गर्भाशयात फलित झालेलं बीजांड सापडतं का ते पाहायचं. दोनशेहून अधिक बायकांमधून असे चौतीस नमुने मिळाले. गर्भधारणेच्या पहिल्या दोन-अडीच आठवड्यांत आत काय घडतं याची पाठ्यपुस्तकांतली चित्रं बराच काळ याच चौतिसांवर उभी होती. रॉक यांच्याच प्रयोगशाळेत मिरियम मेन्किन नावाच्या सहायिकेनं १९४४मध्ये मानवी बीजांड शरीराबाहेर फलित झालेलं पाहिलं, टेस्ट ट्यूब बेबीच्या कितीतरी आधी. त्या दोनशे बायकांना आपण कशाचा भाग आहोत हे नेमकं किती समजलं होतं, हा प्रश्न मला वाचताना सतत टोचत राहिला. आजच्या कुठल्याही नैतिकता समितीपुढे हा प्रस्ताव टिकला नसता.

आता टेस्टचं. १९२८मध्ये बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी दाखवलं, की गरोदर बाईची लघवी उंदराच्या पिल्लाला टोचली तर त्याच्या अंडाशयात फरक दिसतो. उंदरानंतर ससे, सशांनंतर आफ्रिकेतले बेडूक. १९६७ साली न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीत मार्गारेट क्रेन नावाची ग्राफिक डिझायनर टेस्टट्यूबांची रांग पाहून विचारती झाली, की हे बायकांना घरीच का नाही करता येणार? पेपरक्लिपा ठेवायच्या प्लॅस्टिकच्या डबीवरून तिनं घरगुती टेस्टचा पहिला नमुना बनवला. १९७१मध्ये असा संच कॅनडात विकायला आला. यूआय डिझायनरना मीटिंगमध्ये कोण विचारतं म्हणणाऱ्यांसाठी ही गोष्ट लक्षात ठेवा.

पण खरी अडचण अजून सुटलेली नव्हती. गर्भधारणेत जे एचसीजी हे संप्रेरक वाढतं, ते शरीरात एरवीही असणाऱ्या एलएच नावाच्या दुसऱ्या संप्रेरकासारखं दिसतं. इतकं, की जुन्या टेस्ट दोघांत गल्लत करायच्या. एचसीजी भरपूर वाढेपर्यंत खात्रीनं काही सांगता यायचं नाही. १९७२मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ज्युडिथ व्हायटुकायटिस आणि ग्लेन ब्राउनस्टाइन यांनी एचसीजीचा जो तुकडा एलएचपेक्षा वेगळा आहे, तोच पकडणारी चाचणी शोधली. आज मेडिकलमधून आणलेल्या पट्टीवर जी दुसरी रेघ उमटते, तिच्या मुळाशी हे काम आहे.

इथून पुढे खरी गोष्ट सुरू होते.

अ‍ॅलन विलकॉक्स, क्लॅरिस वाइनबर्ग आणि डोना बेअर्ड हे तिघं नॉर्थ कॅरोलायनातल्या सरकारी पर्यावरण-आरोग्य संस्थेत काम करणारे संशोधक. त्यांचा प्रश्न साधा होता: गर्भ राहिलाय हे कळायच्या आधीच किती गर्भधारणा संपून जातात? ज्यांनी कधी सर्व्हर सांभाळलाय त्यांना यातली गोची लगेच कळेल. सिस्टिम बंद पडल्यावर लॉग चालू करून काही उपयोग नसतो, लॉग आधीपासून चालू असावा लागतो. बाई दवाखान्यात येते तीच मुळी पाळी चुकल्यावर. त्याआधीचं सगळं अंधारात. तो अंधार बघायचा तर दिवस जाण्याच्या आधीपासून, रोज, काही न चुकता नोंद हवी.

म्हणून त्यांनी अशा बायका शोधल्या ज्या नुकतंच गर्भनिरोधक थांबवून मुलासाठी प्रयत्न सुरू करत होत्या. आपल्याकडे म्हणतात ना, ‘चान्स घेतोय’, तशा. एकूण २२१ जणी. प्रत्येकीनं रोज सकाळची पहिली लघवी छोट्या बाटलीत धरायची, घरच्या फ्रीजरमध्ये ठेवायची, आणि एका कार्डावर रक्तस्राव झाला का, संबंध आला का, एवढं लिहायचं. सहा महिने, किंवा दिवस राहिले तर गर्भारपणाच्या आठव्या आठवड्यापर्यंत. सण असो, पाहुणे असोत, ताप असो. एकूण ७०७ पाळीचक्रांची नोंद झाली. मला स्टँडअपचं रोजचं अपडेट टाकायचा कंटाळा येतो, त्या पार्श्वभूमीवर हे वाचा.

नंतर प्रयोगशाळेत अतिशय संवेदनशील चाचणीनं त्या बाटल्या तपासल्या. नसबंदी झालेल्या बायकांचे नमुनेही सोबत तपासले, कारण चाचणी उगाचच ‘हो’ म्हणत नाही ना हे बघायला हवं. आपल्याकडच्या टेस्टिंग टीमनं टाळ्या वाजवाव्यात अशी ही पायरी.

१९८८ साली निकाल छापून आला. १९८ गर्भधारणा सापडल्या. त्यातल्या २२ टक्के, कुणाला काही कळायच्या आतच संपल्या होत्या. त्या बायकांना पाळी आली, थोडी उशिरा किंवा अगदी वेळेवर, आणि त्यांनी ती पाळी म्हणूनच धरली. नंतर लक्षात आलेले गर्भपात धरले तर एकूण ३१ टक्के. जवळपास तीनातली एक.

मी हा पेपर फोनवर वाचला तो काही पॉडकास्टच्या तयारीसाठी नाही. गेल्या वर्षी मलाही पट्टीवर दुसरी रेघ दिसली होती, फिकट, उजेडात तिरकी धरून बघावी लागेल अशी. सहा दिवसांनी रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टर म्हणाल्या, केमिकल प्रेग्नन्सी होती, विश्रांती घ्या, पुढच्या महिन्यात बघू. पाच मिनिटांत विषय संपला. घरी मात्र तो संपेना. मावशी म्हणाली, पपई खाल्ली असशील. काकूंचं म्हणणं, हिंजवडीपर्यंत रोज स्कूटरवर खड्ड्यांतून जातेस, काय होणार दुसरं. सासूबाई बोलल्या काही नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याचा हंडा माझ्या हातातून काढून घेतला. सगळ्यांचं माझ्यावर प्रेम आहे, यात शंका नाही. पण प्रत्येकीच्या प्रेमळ वाक्यात कर्ता मीच होते. मी खाल्लं, मी चालवलं, मी उचललं.

रात्री दीड वाजता तो २२ टक्क्यांचा आकडा वाचताना मला रडू आलं नाही, उलट संशयितांची यादी एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या बायकांनी पपई नक्कीच खाल्ली नसणार! सुरुवातीलाच संपणाऱ्या गर्भधारणांमागे सगळ्यात जास्त वेळा कारण असतं ते गुणसूत्रांची संख्या चुकण्याचं. हे फलनाच्या वेळीच ठरून गेलेलं असतं. स्कूटर तेव्हा पार्किंगमध्ये असते. आणि त्याच पेपरात आणखी एक ओळ होती, जी मी नवऱ्याला उठवून वाचून दाखवली: ज्या ४० जणींची गर्भधारणा अशी न कळता गेली होती, त्यांच्यातल्या ९५ टक्के जणींना पुढच्या दोन वर्षांत पुन्हा दिवस राहिले.

माझ्या आजीच्या काळी याला ‘पाळी जरा लांबली’ एवढंच म्हटलं असतं. टेस्ट इतकी तीक्ष्ण झाली म्हणून मला ते दिसलं. दिसलं म्हणून दुःखही झालं. तंत्रज्ञानानं दुःखाचा एक नवाच प्रकार जन्माला घातलाय असं मला कधीकधी वाटतं, आणि त्याच तंत्रज्ञानानं त्यावरचा आकडाही दिलाय. हिशेब बरोबर झाला का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

असो. सहा दिवसांवर येते.

त्याच बाटल्यांमधून संशोधकांनी प्रत्येक चक्रातला ओव्ह्युलेशनचा दिवस काढला, आणि कार्डावरच्या संबंधांच्या तारखा शेजारी ठेवल्या. १९९५मध्ये उत्तर छापलं: दिवस राहिले ते फक्त सहा दिवसांच्या खिडकीत. ओव्ह्युलेशनचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. पाच दिवस आधीच्या संबंधातून गर्भ राहण्याची शक्यता साधारण १० टक्के, ओव्ह्युलेशनच्या दिवशी ३३ टक्के. नंतरच्या दिवसांतून एकही नाही. तुमच्या अ‍ॅपमधला तो रंगीत पट्टा म्हणजे हाच निकाल. आणि हेही बघा, की सगळं जमून आलं, दिवस अगदी अचूक साधला, तरी तीनातल्या दोन वेळा काहीच होत नाही. लग्नाला सहा महिने झाले की ‘गोड बातमी कधी?’ विचारणाऱ्यांना हा आलेख फॉरवर्ड करायला हरकत नाही.

याच पेपरात एक गोष्ट होती जिची आपल्याकडे फार गरज आहे. सम तारखेला मुलगा, विषमला मुलगी, अमुक दिवशी संबंध आला तर हमखास मुलगा, हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलंय, कीर्तनातसुद्धा. त्या नोंदींमध्ये संबंधाचा दिवस आणि बाळाचं लिंग यांचा काहीच मेळ सापडला नाही. ज्या महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली केला, त्या महाराष्ट्रात ही तारखांची गणितं अजून चालतात.

२०००मध्ये याच चमूनं चौदाव्या दिवसाचा भोपळाही फोडला. तेव्हाच्या मार्गदर्शक सूचना सांगायच्या, की पाळीच्या दहाव्या ते सतराव्या दिवसांत ही खिडकी असते. प्रत्यक्षात जेमतेम ३० टक्के बायकांची पूर्ण खिडकी त्यात बसत होती. पाळी नियमित आहे म्हणणाऱ्यांचीही सरकत होती. पुढे २०१९मध्ये लंडनच्या संशोधकांनी एका अ‍ॅपवरची सहा लाखांहून अधिक चक्रं तपासली, तेव्हा बरोबर अठ्ठावीस दिवसांची चक्रं निघाली फक्त १३ टक्के. अठ्ठावीस दिवसांची बाई ही पुस्तकात राहते.

मधल्या काळात एक साधं पण हुशार साधनही आलं होतं. आपल्याकडे त्याला मालाचक्र म्हणतात, झारखंडसारख्या राज्यांत आशाताईंनी ते गावोगाव समजावलं. बत्तीस मण्यांची माळ. पहिला लाल मणी पाळीच्या पहिल्या दिवसाचा, मग सहा तपकिरी, मग बारा पांढरे, आणि पुन्हा तेरा तपकिरी. रोज रिंग एक मणी पुढे सरकवायची. पांढरे मणी म्हणजे आठवा ते एकोणिसावा दिवस, गर्भ राहू शकतो असे. खिडकी सहाच दिवसांची, पण ती सरकते, म्हणून माळेत बारा धरले. चक्र सव्वीस ते बत्तीस दिवसांचं असेल तरच ही पद्धत चालते, हे मात्र ध्यानात ठेवा. बॅटरी नको, रेंज नको. इंटरफेस म्हणून मला हे फार आवडतं.

पण २२१ म्हणजे किती? सिगारेट, वजन, वय, कोल्ड्रिंक, औषधं, रात्रपाळी, यांतल्या प्रत्येकाचा परिणाम वेगळा काढायचा तर २२१ जणी पुरणार नाहीत. आणि घरोघर जाऊन बाटल्या गोळा करायचा खर्च प्रचंड. दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे गरोदर बायकांना विचारायचं, की तुम्हाला किती महिने लागले? पण त्यात ज्यांना दिवस राहिलेच नाहीत त्या गणतीतच येत नाहीत. निकाल लागल्यावर फक्त पास झालेल्यांना पेपर कसा गेला विचारावं, तसलाच प्रकार.

२००७च्या जूनमध्ये बॉस्टन विद्यापीठ आणि डेन्मार्कमधलं ऑर्हूस विद्यापीठ यांनी मिळून ‘स्नार्ट ग्राविड’ नावाचा अभ्यास सुरू केला. अर्थ ‘लवकरच गरोदर’. अख्खा अभ्यास इंटरनेटवर. एका लोकप्रिय आरोग्य संकेतस्थळावर जाहिरात, मुलासाठी प्रयत्न करणाऱ्या बाईनं स्वतः नाव नोंदवायचं, मग दर दोन महिन्यांनी ईमेलनं प्रश्नावली, दिवस राहीपर्यंत किंवा वर्षभर. पहिल्या सहा महिन्यांतच दोन हजारांहून जास्त जणी आल्या.

साहजिकच जुन्या संशोधकांनी नाकं मुरडली. इंटरनेटवर आपणहून येणाऱ्या बायका वेगळ्याच असणार, त्यांच्यावरून बाकीच्यांबद्दल काय बोलणार? शंका रास्त होती. पण डेन्मार्कमध्ये १९६८पासून प्रत्येक नागरिकाला एक नोंदणी क्रमांक आहे, आणि जन्मांची राष्ट्रीय नोंदवही आहे. संशोधकांनी आपल्या बायकांचा डेटा त्या नोंदवहीशी ताडून पाहिला. समजा धूम्रपानाचा बाळाच्या वजनाशी संबंध. तो देशभरात जसा दिसतो तसाच यांच्यातही दिसतो का? दिसला. ऑनलाइन अभ्यासावर विश्वास ठेवायला एवढा मोठा आधार आधी नव्हता.

आता या डेन्मार्कच्या डेटाचा आपल्या रोजच्या टोमण्यांशी काय संबंध, ते सांगते. तुमचं वय तिशीकडे झुकलं असेल तर हे वाक्य ऐकलंच असेल: पस्तिशीनंतर तीनातल्या एकीला वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नाहीत. २०१३मध्ये जीन ट्वेंगी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे वाक्य कुठून आलं याचा पाठलाग केला. सापडलं काय? त्यामागचे आकडे फ्रान्समधल्या जन्मनोंदींवरून काढलेले होते. साल १६७० ते १८३०! म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आधीपासून ते पेशवाई बुडून बारा वर्षं होईपर्यंतच्या काळातल्या फ्रेंच शेतकरी बायका. ना प्रतिजैविकं, ना पोटभर अन्नाची खात्री, आणि चाळिशीतल्या जोडप्याला तेव्हा मूल हवं होतं की नाही हेसुद्धा त्या वहीत लिहिलेलं नाही.

स्नार्ट ग्राविडमधल्या २८२० बायकांचा निकाल त्याच वर्षी आला. योग्य दिवसांत संबंध ठेवणाऱ्या ३५ ते ४० वयाच्या बायकांपैकी ७८ टक्के जणींना वर्षभरात दिवस राहिले. वीस ते चौतीसमधल्यांत ८४ टक्के. फरक आहे. वयाचा परिणाम खोटा नाही, चाळिशीजवळ तो झपाट्यानं वाढतो, गर्भपाताचं प्रमाणही वाढतं, आणि कुणाच्या हातात हे आकडे देऊन ‘थांबा निवांत’ असा सल्ला मी देणार नाही. पण ८४ आणि ७८ यांच्यातलं अंतर म्हणजे लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर विचारलेल्या ‘आता किती उशीर करणार?’ एवढं नक्कीच नाही.

२०१३मध्येच बॉस्टन विद्यापीठानं हाच प्रयोग अमेरिका आणि कॅनडासाठी सुरू केला, ‘प्रेस्टो’ या नावानं. यात नवऱ्यालाही बोलावलं गेलं. ही गोष्ट साधी वाटते, पण तोवर वंध्यत्वाच्या चर्चेत पुरुष फारसा दिसतच नव्हता. कोल्ड्रिंकसारख्या गोड पेयांचा परिणाम नवऱ्यांतही दिसला, आणि आमच्या घरचा फ्रिजमधला दोन लिटरचा बाटला तेव्हापासून परत आलेला नाही.

या अभ्यासाची खरी कसोटी लागली २०२१मध्ये. आठवतंय ना? लस घेतली की मूल होत नाही, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं. आपल्या आरोग्य मंत्रालयालाही खुलासा करावा लागला. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन मैत्रिणींनी याच भीतीनं लस पुढे ढकलली, एकीच्या घरात आजारी सासरे होते. अशा वेळी नवा अभ्यास उभा करायला वर्षं जातात. प्रेस्टोमध्ये मात्र मुलासाठी प्रयत्न करणाऱ्या हजारो जणी आधीच दर आठ आठवड्यांनी प्रश्नावली भरत होत्या. लॉग चालूच होता. लसीचे प्रश्न त्यात घातले, आणि २०२२च्या जानेवारीत २१२६ बायकांचा निकाल हातात आला: लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत दिवस राहण्याच्या शक्यतेत फरक नाही. नवऱ्याला मात्र मागच्या साठ दिवसांत खुद्द कोविड होऊन गेला असेल, तर शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी कमी दिसली. भीती होती सुईची, आणि धोका निघाला आजाराचा.

त्याच महिन्यात पाळीबद्दलचाही अभ्यास आला. लशीनंतर पाळी पुढेमागे झाली असं बायका सांगत होत्या, आणि बरेच जण ‘ताण असेल’ म्हणून उडवून लावत होते. अ‍ॅपमध्ये जवळपास चार हजार जणींच्या रोजच्या नोंदी आधीपासून होत्या. त्यात दिसलं, की बदल होतो, सरासरी एका दिवसापेक्षाही कमी, आणि तो टिकत नाही. बायका बरोबर सांगत होत्या आणि घाबरायचंही कारण नव्हतं.

इथे माझी एक तक्रार आहे. डेन्मार्क, अमेरिका, कॅनडा. या अभ्यासांमध्ये आलेल्या बहुतेक जणी गोऱ्या, शिकलेल्या, स्थिर नात्यात असलेल्या. त्यांचा आकडा मला लागू करताना मी मनात ‘साधारण’ हा शब्द घालते.

मात्र आपल्याकडे काहीच झालं नाही असं समजू नका. १९९३मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत जो अभ्यास सुरू केला, तोही दिवस जाण्याच्या आधीपासूनचाच होता. इंटरनेट नव्हतं, तर कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जायच्या आणि पाळीची तारीख वहीत लिहायच्या. दोन हजारांहून जास्त बायका, बहुतेक शेतात राबणाऱ्या. त्यातून कळलं, की गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त खाणाऱ्यांची बाळं आकारानं मोठी होती, आणि दोनतृतीयांश आयांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ती मुलं मोठी होईपर्यंत पाठपुरावा चालू राहिला. ज्या कामाला बॉस्टनवाल्यांनी सर्व्हर लावला, ते इथे चपला घालून झालं.

आणि एक गोष्ट माझ्या धंद्यातली. विलकॉक्स यांच्या बाटल्या संस्थेच्या फ्रीजरमध्ये गेल्या, तिथे कुलूप होतं. तुमच्या अ‍ॅपमधला डेटा कुठे जातो? २०२१मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं ‘फ्लो’ या अ‍ॅपवर ठपका ठेवला, की बायकांची माहिती गुप्त ठेवू म्हणून सांगून तिनं ती फेसबुक-गूगलसारख्यांना पुरवली. कंपनीनं कबुली न देता तडजोड केली. पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढला, आणि पाळीची नोंद पुरावा म्हणून वापरली जाईल या भीतीनं बायकांनी अ‍ॅप्स काढून टाकली. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण पाळी दहा दिवस लांबली हे माझ्या नवऱ्याआधी एखाद्या जाहिरात कंपनीला कळावं असं मला वाटत नाही. अभ्यासात नाव घालताना संमतिपत्र वाचायला मिळतं, त्यावर नैतिकता समितीचा शिक्का असतो. अ‍ॅपमध्ये आपण ‘आय अ‍ॅग्री’ दाबतो. मी अशी बटणं बनवते, त्यामुळे ती वाचली जाऊ नयेत म्हणून किती मेहनत घेतली जाते ते मला ठाऊक आहे. वहीत तारीख लिहिणं अजूनही चालतं, बरं का.

शेवटी परत त्या बाटल्या. आपल्याकडे ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात, आणि डॉक्टर कागदावर एक तारीख लिहून देतात. ती तारीख शेवटच्या पाळीपासून २८० दिवस धरून काढलेली असते. ओव्ह्युलेशनचा नेमका दिवस माहीत असलेल्या गर्भधारणा जगात फार थोड्या, आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या कार्डांमध्ये त्या होत्या. २०१३मध्ये अ‍ॅन मारी ज्युकिक या संशोधिकेनं त्यातल्या १२५ गर्भधारणांचा हिशेब पुन्हा मांडला. ओव्ह्युलेशनपासून जन्मापर्यंत मधला आकडा निघाला २६८ दिवस. पण अकाली जन्मलेली बाळं वगळूनही सगळ्यात लवकर आलेल्या आणि सगळ्यात उशिरा आलेल्या बाळात ३७ दिवसांचा फरक होता. पाच आठवडे! नऊ महिने नऊ दिवसांत मावणारा नाही.

हे छापून आलं तेव्हा ती बाळं स्वतःच माझ्या आजच्या वयाची झाली होती.